पाच वर्षांचं युद्ध, निम्मा देश गमावला. तरी म्यानमारचं लष्कर टिकलं कसं?

इंदूर, अकोला, लातूरच्या डाळ बाजारात ‘बर्मा उडीद’ आणि ‘बर्मा लेमन तूर’ हे शब्द रोजचे आहेत. यांगूनहून माल किती निघाला यावर मुंबई-चेन्नईचे भाव हलतात आणि पापड-इडलीच्या धंद्यातली माणसंही त्यावर नजर ठेवून असतात. भारताने 2021 मध्ये म्यानमारशी समझोता केला. त्यानुसार 2025-26 पर्यंत दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायचं ठरलं. हा समझोता झाला त्या वर्षीच तिथे लष्कराने सत्ता बळकावली होती आणि देश युद्धात लोटला गेला होता.

या 1 फेब्रुवारीला त्या सत्तापालटाला पाच वर्षं पूर्ण झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांनुसार 35 लाखांहून अधिक लोक देशातल्या देशात बेघर आहेत. तरीही उडदाची आवक थांबलेली नाही. याचं कारण शोधत गेलं की या युद्धाचा नकाशाच समोर येतो. उडीद मुख्यतः पिकतो बागो आणि इरावदीच्या त्रिभुज प्रदेशात, आणि बोटीत चढतो यांगूनला. हा सगळा पट्टा लष्कराकडे आहे. लढाई पेटली आहे ती बहुतेक कडेच्या डोंगराळ प्रांतांत आणि मधल्या कोरडवाहू सागाइंग-मॅग्वे भागात.

ठिणगी कुठे पडली

नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीने (एनएलडी) 396 जागा जिंकल्या आणि लष्कराच्या पाठिंब्यावरच्या पक्षाचा धुव्वा उडाला. मतदार यादीत घोळ असल्याचा आरोप करत सरसेनापती मिन आंग ल्हाइंग यांनी 1 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे नेत्यांना अटक केली. लोक रस्त्यावर उतरले, डॉक्टर-शिक्षक-रेल्वे कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं. लष्कराने गोळीबार केला. मग शहरातली पोरं जंगलात गेली आणि अल्पसंख्याक जमातींच्या जुन्या सेनांकडून बंदूक चालवायला शिकली. पदच्युत खासदारांनी ‘राष्ट्रीय एकता सरकार’ स्थापन केलं. त्याच्या लोकसंरक्षण दलांनी सप्टेंबर 2021 पासून उघड युद्ध पुकारलं.

मुळात हा देश 1948 ला स्वतंत्र झाला आणि 1949 पासूनच करेन बंडखोरांशी लढतोय. काचिन, शान, चिन या डोंगरी समाजांना स्वायत्ततेचा शब्द 1947 च्या पांगलाँग करारात मिळाला होता. तो देणाऱ्या जनरल आंग सान यांची त्याच वर्षी हत्या झाली आणि शब्द कागदावरच राहिला. 2021 नंतर फरक एवढाच पडला, की बहुसंख्य बामार समाजही पहिल्यांदा मोठ्या संख्येने लष्कराविरुद्ध शस्त्र घेऊन उभा राहिला.

लष्कराची घसरगुंडी

27 ऑक्टोबर 2023 ला शान प्रांताच्या उत्तरेत कोकांग, ता’आंग आणि आराकान या तीन सेनांनी एकत्र हल्ला चढवला. तारखेवरून त्याला ‘ऑपरेशन 1027’ म्हणतात. जानेवारी 2024 मध्ये चीनच्या सीमेवरच्या लाउक्काईत दोन हजारांहून अधिक सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली. ऑगस्टमध्ये लाशिओ पडलं. लष्कराचं एखादं प्रादेशिक मुख्यालयच शत्रूच्या हाती जाण्याची ही पहिलीच वेळ होती. डिसेंबरमध्ये राखाईनमधलं आन इथलं दुसरं मुख्यालयही गेलं. बंडखोर मंडालेच्या उत्तरेला सिंगूपर्यंत येऊन ठेपले. लोकमान्य टिळकांनी 1908 ते 1914 ज्या मंडालेत तुरुंगवास भोगला, तेच शहर हातचं जातं की काय अशी चर्चा तेव्हा सुरू झाली होती.

मिन आंग ल्हाइंग यांचं आसन डळमळलं आहे, असं तेव्हा अनेक जाणकार म्हणत होते. तसं झालं नाही.

सावरलं ते तीन गोष्टींवर

पहिली गोष्ट म्हणजे आकाश. विमानं फक्त लष्कराकडे आहेत. एप्रिल 2023 मध्ये सागाइंगमधल्या पाझीगी गावात जमावावर बॉम्ब टाकले, दीडशेहून अधिक लोक मेले. 28 मार्च 2025 च्या भूकंपात साडेतीन हजारांहून अधिक बळी गेले, त्या दिवसांतही हवाई हल्ले सुरूच होते. बंडखोर ठाणं जिंकतात, पण त्याखालचं गाव वाचवू शकत नाहीत. सुरुवातीला ड्रोनमध्ये त्यांची सरशी होती, पुढे लष्करानेही ड्रोन मोठ्या प्रमाणावर आणले.

दुसरी गोष्ट माणसं आणि पैसा. फेब्रुवारी 2024 मध्ये सक्तीची लष्करभरती लागू झाली. 18 ते 35 वयाचे पुरुष आणि 18 ते 27 च्या स्त्रिया तिच्या कक्षेत आल्या. हजारो तरुण थायलंडला पळाले, पण खंदकात उभी करायला माणसं मिळाली. पैशाचं गणित त्याहून सरळ आहे. सरकारी दर डॉलरला 2,100 क्याट, खुल्या बाजारात त्याच्या जवळपास दुप्पट. निर्यातदाराला मिळालेल्या डॉलरचा ठराविक हिस्सा सरकारी दराने बदलून द्यावा लागतो. मधला फरक सत्तेच्या तिजोरीत जातो आणि त्याची झळ शेवटी शेतकऱ्याला पोचते. उडीदही या चरकातून सुटलेला नाही.

तिसरी आणि सगळ्यांत वजनदार गोष्ट चीन. लाउक्काई परिसरातले ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे चिनी नागरिकांना लुटत होते आणि लष्कर त्यांना आवरत नव्हतं. त्यामुळे 1027 कडे बीजिंगने सुरुवातीला कानाडोळा केला. लाशिओ पडल्यावर मात्र चीन सावध झाला. आपल्या सीमेला लागून सरकारच कोसळलं तर तेल-वायूची पाइपलाइन, क्यॉकफ्यूचं बंदर, सगळंच अडचणीत येणार होतं. चीनने नाके बंद केले, वीज, इंधन, औषधं अडवली. एप्रिल 2025 मध्ये कोकांग सेनेने चिनी निरीक्षकांच्या देखत लाशिओ शहर लष्कराला परत दिलं. रक्त सांडून घेतलेलं शहर एकही गोळी न झाडता परत गेलं. ऑगस्टमध्ये बलाढ्य वा सेनेने मित्रसंघटनांना मदत थांबवत असल्याचं कळवलं. ऑक्टोबरमध्ये क्यॉकमे आणि सिपॉ लष्कराने परत घेतलं आणि ता’आंग सेनेने कुनमिंगमध्ये शस्त्रसंधी मान्य करत माणकांच्या खाणींचं मोगोक सोडायची तयारी दाखवली.

यातून एक बाब स्पष्ट होते. डोंगरातल्या सेनांचं मीठ-मिरचीपासून काडतुसापर्यंत सगळं सीमेच्या नाक्यावरून येतं. नाका ज्याच्या हातात, त्याचा शब्द त्यांना झिडकारता येत नाही. काचिन सेनेकडे 2024 च्या अखेरीस दुर्मीळ खनिजांच्या खाणींचा पांग्वा परिसर आला. ती खनिजं चिनी कारखान्यांना हवी आहेत, म्हणून तिची पत थोडी जास्त. पण तिचंही गिऱ्हाईक एकच आहे.

विरोधकांची गाठ कुठे अडली

लष्कराच्या विरोधात सगळे आहेत, पण लष्करानंतर काय यावर एकमत नाही. एकता सरकारला संघराज्य हवं आहे. आराकान आर्मीला त्याहून बरंच अधिक हवं आहे. राखाईनच्या 17 पैकी 14 तालुक्यांवर आज तिचा ताबा आहे आणि कारभारही तीच चालवते. तिच्या राज्यात रोहिंग्यांचं स्थान काय, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. शानमध्ये दोन मित्रसेनाच जमिनीवरून एकमेकींशी भांडल्या आहेत. पांगलाँगच्या फसवणुकीची आठवण असल्यामुळे डोंगरी नेते बामार नेत्यांच्या शब्दावर सहज विसंबत नाहीत. सू ची सत्तेत असतानाचा अनुभवही त्यांना फार सुखाचा नव्हता.

मतपेटीतून नवा वेश

28 डिसेंबर, 11 जानेवारी आणि 25 जानेवारी असं तीन टप्प्यांत मतदान झालं. 330 पैकी 65 तालुक्यांत ते घेताच आलं नाही. एनएलडी 2023 मध्येच विसर्जित केलेली. सू ची तेव्हा तुरुंगवासात, एकूण शिक्षा 27 वर्षांची. निवडणुकीवर टीका करणंही गुन्हा. माजी लष्करी अधिकाऱ्यांचा यूएसडीपी पक्ष अपेक्षेप्रमाणे मोठ्या फरकाने पुढे आला. शिवाय 2008 च्या राज्यघटनेने संसदेतल्या 25 टक्के जागा लष्कराला आधीच दिलेल्या आहेत. मतदानानंतर संसद बसणं आणि राष्ट्राध्यक्ष निवडला जाणं हे पुढचे टप्पे ठरलेले होते. पुढे कोण येणार याची फारशी कुणाला उत्सुकता नव्हती. या मतदानाने युद्ध थांबणार नाही. शेजाऱ्यांना मात्र नेपिडोशी उघडपणे हस्तांदोलन करायला निमित्त मिळेल, आणि जनरलांना हवं होतं ते हेच.

भारतापुढचा पेच

भारताची म्यानमारशी 1,643 किलोमीटर सीमा आहे. मिझोराममध्ये तीस हजारांहून अधिक चिन निर्वासित आहेत. तिथले मिझो त्यांना परके मानत नाहीत, कारण सोयरीक रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे. कागदावरची रेषा घरातून गेली की काय होतं, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 2024 मध्ये मुक्त वावराची सवलत आवळली गेली, सोळा किलोमीटरचा पट्टा दहावर आला आणि कुंपणाचं काम निघालं.

दुसरा पेच कलादान प्रकल्पाचा. कोलकात्याहून बोटीने सितवे, तिथून नदीने पालेटवा आणि पुढे रस्त्याने मिझोराम, असा हा मार्ग. सितवे बंदरात मे 2023 मध्ये पहिलं मालवाहू जहाज लागलं. आज सितवे लष्कराकडे आहे आणि जानेवारी 2024 पासून पालेटवा आराकान आर्मीकडे. म्हणजे भारताच्या पैशाने उभ्या राहिलेल्या एकाच मार्गाचे दोन मालक. नुसत्या नेपिडोशी बोलून हा मार्ग चालू होणार नाही आणि आराकान आर्मीशी उघड बोललं तर नेपिडो चीनच्या आणखी जवळ सरकेल. दिल्ली आतापर्यंत दोन्हीकडे हात ठेवून आहे. चीन मात्र दोन्हीकडे हात ठेवूनही हुकूम चालवतो, कारण नाके त्याच्याकडे आहेत.

तिसरी बाब थेट आपल्या घरातली. थायलंडच्या सीमेवरच्या म्यावाडी भागात करेन मिलिशियांच्या आश्रयाने फसवणुकीचे अड्डे वाढले. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेल्या 549 भारतीयांना आणलं. त्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. ‘बँकॉकला डेटा एंट्री, राहणं-जेवण मोफत’ अशी जाहिरात, विमानतळावरून गाडी, मग नदी ओलांडून कुंपणाच्या आत, असा हा प्रवास. जिथे कुठल्याच सरकारचा कायदा पोचत नाही तिथे असे धंदे फोफावतात, आणि ती जमीन लवकर कमी होण्याची चिन्हं नाहीत.

येत्या काही महिन्यांत दोन ठिकाणांवर लक्ष ठेवायला हवं, क्यॉकफ्यू आणि सितवे. आराकान आर्मीने ती घेतली तर बंगालच्या उपसागराचा तो किनारा चीन आणि भारत दोघांनाही तिच्याशीच बोलून वापरावा लागेल. नाही घेतली तर नवं ‘नागरी’ सरकार एकेका सेनेला चीनच्या मध्यस्थीने टेबलावर बसवत जाईल आणि उरलेल्यांवर विमानं धाडेल. दोन्ही परिस्थितींत यांगूनहून उडीद येत राहण्याची शक्यताच जास्त. पण बाजारात आवक सुरळीत दिसते म्हणून त्या देशात सगळं सुरळीत आहे, असं समजणं चूक ठरेल.