गुरुवारचे मास्तर

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवायला जातो. पट साठपर्यंत असला, तरी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दोन शिक्षक हवेत. इथे एक जागा रिकामी. उरलेल्या बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या (तशी मुभा त्याच कायद्यात आहे!), की चारही इयत्ता माझ्या आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या ताब्यात. लोक कौतुक करतात. बँकेत कॅशियरच्या खुर्चीत असा हौशी माणूस बसवला असता का? हातच्याची वजाबाकी मी शिकवीन. पण पोर बुधवारी का रडलं, हे बाईंनाच ठाऊक असतं. निवृत्तांनी शाळेत जरूर जावे. मात्र माझ्या येण्याचा दाखला देऊन कुणी ती जागा भरायची टाळू लागला, तर ग्रामसभेत पहिला आक्षेप माझाच असेल.