कोड म्हणजे पाप नव्हे

अंगावर कोडाचा डाग दिसला कीं ठरलेली सोयरीक मोडते, पंगतींत पान वेगळें मांडतात आणि कोणी पूर्वजन्मींचें पाप सांगून शांतीची दक्षिणा उकळतो. आम्ही विचारतों, यांत पाप कोठें आहे? कातडीला रंग देणाऱ्या बारीक पेशी असतात. रोगाशीं लढणारी शरीराची शक्तीच चुकून त्यांवर उलटते. त्या मेल्या कीं तेवढी जागा पांढरी पडते. हा महारोग नव्हे. महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. तोहि आतां औषधानें बरा होतो. कोडाच्या जागीं स्पर्श कळतो, आणि तें कोणास लागत नाहीं. डॉक्टरांकडे लौकर गेल्यास मलम व किरणोपचारानें पुष्कळदां रंग परततो. बांधवांनो, दक्षिणेचा पैसा औषधाला लावा आणि सोयरीक मोडूं नका!