तीव्र मध्यमाचें भय

माडीवरून तरुण मंडळींच्या ज्या गिटारवादनाचा आवाज खालीं येतो, त्यास आमच्या वयाचीं माणसें ‘गोंगाट’ ह्या एका शब्दांत निकालांत काढतात; आणि त्यांत ऐकण्यासारखें काय आहे हें समजावून देण्याच्या भरीस तरुण मंडळीही पडत नाहींत. दोन्ही पक्षांचा हा आळस बरा नव्हे. म्हणून ‘हार्ड रॉक’ म्हणविणाऱ्या संगीतांतील एकच गीत घेऊन आम्ही त्याचा विचार करणार आहों. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरच्या ‘ब्लॅक सॅबथ’ नामक चौघांच्या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० च्या फेब्रुवारींत १३ तारखेस प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभींचें, वृंदाचेंच नांव धारण करणारें गीत तें हें.

प्रथम पाऊस, मेघगर्जना आणि दूरची घंटा ऐकूं येते. मग एकदम गिटार. घरांत पेटी असेल तर वाचकांनीं पांढरी पांच हा षड्ज धरावा. आधीं मंद्र षड्ज, मग त्याच्या वरच्या सप्तकांतला षड्ज, आणि तेथून उतरून मधल्या तीव्र मध्यमावर मुक्काम. हे तीन स्वर अतिविलंबित लयींत वाजविले कीं गीताची बैठक हातीं आली. षड्जापासून हा मध्यम बरोबर सहा पट्ट्यांवर, म्हणजे सप्तकाच्या ऐन मध्यावर, असतो. यमनांत हाच स्वर गंधार-पंचमाच्या सोबतीनें येतो व संध्याकाळ प्रसन्न करतो. येथें ती सोबत काढून घेतलेली आहे. वादक त्या स्वरास झपाट्यानें कंप देतो, पंचमाची आशा लावतो, आणि पुन्हां मंद्र षड्जावर आदळतो. भीति स्वरांत नाहीं, त्याच्या एकाकीपणांत आहे.

भरतमुनींनीं भयानक रसाचा वर्ण कृष्ण व देवता काल सांगितली आहे. कंप आणि पलायन हीं त्या रसाचीं लक्षणें होत. कंप वर आलाच. गीताच्या उत्तरार्धांत लय अकस्मात् द्रुत होते व गिटार धांवूं लागते, तें पलायन. नाट्यशास्त्र न वाचतां ह्या मुलांना हा क्रम सांपडला, ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

ह्या गीतावर सैतानपूजेचा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत. गीतांतील मनुष्य काळी आकृति पाहून गर्भगळित होतो व देवाचा धांवा करतो. ह्यांत पूजा कोठें आली? युरोपीय पंडितांनीं ह्या स्वरांतरास ‘संगीतांतील सैतान’ म्हटलें खरें, पण मध्ययुगीन चर्चनें त्यावर बंदी घातली होती ह्या कथेस आधार नाहीं. ह्या स्वरांची प्रेरणा गुस्टाव होल्स्ट ह्यांच्या ‘प्लॅनेट्स’ ह्या वाद्यरचनेंतील ‘मंगळ’ ह्या भागापासून मिळाली, असें वृंदांतील गीझर बटलर ह्यांनीं सांगितलें आहे. हे होल्स्ट संस्कृत शिकलेले होते. ऋग्वेदांतील सूक्तांस त्यांनीं चाली लावल्या व सावित्रीच्या आख्यानावर संगीतिका रचली. आमच्या घरच्या विद्येचा इतका दूरचा आप्त ह्या कोलाहलाच्या मागें उभा असेल, ही कल्पना आम्हांस नव्हती.

परंतु खरी गोष्ट वादकाच्या हाताची आहे. टोनी आयोमी हे डावखुरे. तारा दाबण्याचा हात उजवा. सतराव्या वर्षीं पत्र्याच्या कारखान्यांत, नोकरीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं, त्याच हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत तुटलीं. आतां वादन सुटलें, असेंच सर्वांनीं सांगितलें. तेव्हां कारखान्यांतील वरिष्ठानें त्यांस जँगो राइनहार्ट ह्यांची ध्वनिमुद्रिका ऐकविली. राइनहार्ट ह्यांचा डावा हात १९२८ सालीं आगींत भाजला होता व ते मुख्यतः दोन बोटांनीं गिटार वाजवीत. आयोमींनीं साबणद्रावाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून शिंप्याच्या अंगुस्तानासारखीं दोन टोपणें केलीं व त्यांवर चामडें चिकटविलें. टोपणांतून तार बोटास लागत नाहीं. दाब किती पडला तें कानानेंच ओळखावें लागतें. जाड तारा सोसवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा चढविल्या. वादनांत षड्ज-पंचमाच्या जोडीवर भर दिला, कारण ती दाबण्यास दोन बोटें पुरतात. त्या जोडींत गंधार नसतो, ना शुद्ध ना कोमल; त्यामुळें ती हंसतही नाहीं, रडतही नाहीं. विजेच्या यंत्रानें तिचा आवाज मुद्दाम फाडला कीं ती नुसती गुरगुरते. (हा फाटका आवाज यंत्र बिघडल्याचें लक्षण नव्हे, हें वडील मंडळींनीं ध्यानांत घ्यावें; आणि तो किती मोठा ठेवावा हें तरुणांनीं.)

पुढें १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ ह्या ध्वनिमुद्रिकेंतील कित्येक गीतांसाठीं त्यांनीं तारा तीन पट्ट्या खालीं उतरविल्या. ढिल्या तारा दुखऱ्या बोटांस सोप्या गेल्या आणि नाद अधिक खोल व जड झाला. ही रीत मागाहून अनेक वादकांनीं उचलली; ज्यांचीं दाहीं बोटें शाबूत होतीं, त्यांनींही.