डरकाळी जमा, झोप नावे

जुन्या मोटारींचे वेड लागलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. पण माझे एक स्नेही आपल्या १९६७ सालच्या एमजीबीला नवा सायलेन्सर बसवायला निघाले आणि मला वाद घालणे भाग पडले.

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी. १७९८ सीसीचे इंजिन, दोन कार्बुरेटर आणि डोक्यावर उघडे आकाश. तिची जुनी नळी आतून गंजून चाळण झाली होती. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडते. लांबच्या प्रवासात नळी तापते आणि वाफ निघून जाते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीत मात्र पाणी साचते. लाडात ठेवलेली वस्तू अशी लवकर गंजते.

स्नेह्यांना नव्या नळीतून डरकाळी हवी होती. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नसतं." इंजिनातून दाबाच्या लाटा सुटतात. सायलेन्सरचे कप्पे, भोकांच्या नळ्या आणि काचलोकर त्यांना मावळवतात. वाट फार अरुंद केली तर इंजिन गुदमरते. फार मोकळी केली तर पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडू शकते आणि कार्बुरेटर नव्याने जुळवावे लागतात. म्हणून नळी वाकवताना ती चेपू द्यायची नाही, आधी नुसते टाके मारून कुठे आपटते का ते पाहायचे, पक्के वेल्डिंग त्यानंतर. शिवाय इंजिन डुलते, म्हणून नळी रबरावर लोंबती ठेवायची.

यंत्रबंदूक बनवणारे हायरम मॅक्सिम त्या आवाजानेच बहिरे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी याने बंदुकीचा आणि पुढे मोटारीचाही आवाज दाबणारी नळकांडी बनवली. वडिलांच्या कर्जाची मुलाने केलेली ही परतफेडच म्हणायची!

आपल्याकडे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सायलेन्सर सक्तीचा केला आहे. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देणारे २०२१चे नियमही गाडी मूळ रूपात राखण्याचा आग्रह धरतात.

पण माझा मुद्दा दंडाचा नाही. बँकेत उभी हयात गेली. तिथे एक गोष्ट हाडीमाशी भिनली. एका खात्यात रक्कम जमा झाली की ती कुठल्या तरी दुसऱ्या खात्यात नावे पडलेलीच असते. डरकाळीचा आनंद मालकाच्या खाती जमा होतो, तेव्हा नावे कुणाच्या पडतो? रात्रपाळी करून नुकत्याच आडव्या झालेल्या परिचारिकेच्या, तळमजल्यावरच्या हृदयरोगी आजोबांच्या, बाराव्या दिवशी पाळण्यात निजलेल्या तान्हुल्याच्या. यांच्यापैकी कुणाचीही सही आपण घेतलेली नसते.

स्नेह्यांनी अखेर मूळ रचनेबरहुकूम दोन डब्यांचा, पण स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर घेतला. एमजीबीचा तो खर्जातला घुमार अजून ऐकू येतो. फक्त तो ऐकायला गाडीजवळ जावे लागते. आवड जोपासावी, जरूर जोपासावी. तिचे हप्ते मात्र ज्याचे त्याने भरावेत.