चौकट तयार घ्या, वही आपली ठेवा

नाशिक जिल्ह्यात मालेगावचा यंत्रमाग कारखानदार तीन हिशेब सांभाळतो: सूत किती आले, कापड किती उतरले, कारागिराची मजुरी किती झाली. एक आकडा चुकला तरी भागीदारांत वाद उभा राहतो. हा हिशेब वेबवर आणायचा म्हटले की प्रोग्रामर महिन्यांचे काम सांगतो आणि छोटा कारखानदार मागे सरतो.

आमच्या मते आता मागे सरण्याचे कारण नाही. मुंबईच्या रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून सुरू केलेल्या कामातून ‘फ्रॅपे’ ही तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क, उभी राहिली. ती मोफत व खुली आहे. पार्टी, सूत, वजन असे रकाने सांगितले की डेटाबेसमधला तक्ता, नोंदीचा फॉर्म आणि यादी आपोआप तयार होते. आठवड्यांचे काम दिवसांवर येते.

मात्र घट किती धरायची, उचल कुठे वळती करायची, हे चौकटीला ठाऊक नसते. म्हणून व्यापारी बंधूंनी प्रोग्रामरसमोर आधी मुनीमजींना बसवून जुनी वही उघडावी. कोड आणि डेटाची प्रत आपल्या ताब्यात राहील, हेही लिहून घ्यावे. नाहीतर प्रोग्रामर गेला की हिशेबही गेला!