रोषणाईने प्रोसेसर थंड होत नाही

पुतण्याचं ठरलंय. नव्या कॉम्प्युटरला लिक्विड कूलर लावायचा, तोही आरजीबी लायटिंगवाला. लग्नांचे व्हिडिओ एडिट करून त्याने स्वतः पैसे साठवलेत, त्यामुळे ‘कशाला हवंय?’ विचारायचा मला अधिकार नाही. पण लॅमिंग्टन रोडवरचं कोटेशन समोर ठेवून ‘काका, जरा बघून सांगा’ म्हणाला, तेव्हा बघणं आलंच. प्रोसेसर इंटेलचा आय-५ १२४००. कूलर २४० मिलिमीटरचा, एकटाच सात हजारांच्या घरात.

या कूलरमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची पट्टी बसते. पंप तिच्यावरून पाणी फिरवतो. तापलेलं पाणी नळीवाटे ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये जातं आणि तिथे १२० मिलिमीटरचे दोन पंखे त्याला हवा मारतात. म्हणजे शेवटची कामगिरी हवेचीच. पाणी नुसती हमाली करतं. वजनाला वजन धरलं तर पाणी हवेच्या चौपट उष्णता पोटात घेतं, म्हणून हमाल मात्र तगडा.

ही विद्या आमच्या भागाला नवी नाही. मानखुर्दच्या बाजूला अनुशक्तीनगर, त्यापलीकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथली ध्रुव अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली, १०० मेगावॉटची. तिच्यातली उष्णता जड पाणी उचलतं, ते दुसऱ्या पाण्याला देतं आणि शेवटी ती समुद्राच्या पाण्यात जाते. पुतण्याच्या कूलरला समुद्र नाही, बारा बाय दहाची खोली आहे. मे महिन्यात दुपारी या खोलीत ३३-३४ अंश असतात, आणि कुठलाही असा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशी परीक्षणांत खोली बहुधा एकवीस-बावीस अंशांची असते. त्यांनी ६५ अंश दाखवले, तर आपल्याकडे ७७ धरायचे. खोलीपेक्षा किती अंश चढला, एवढाच आकडा कामाचा.

दुसरं म्हणजे वेळ. दुकानदार पाच मिनिटं टेस्ट चालवून ‘बघा, थंडगार’ म्हणतो. पाणी तापायलाच वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक लिक्विड कूलर हुशार ठरतो. निदान अर्धा तास रेंडरिंग लावा, आकडा चढायचा थांबला की मग लिहून घ्या. त्याच वेळी कान द्या. पंख्यांचा आवाज अंगवळणी पडतो, पंपाची बारीक घरघर रात्री डोकं उठवते.

आता धूळ. हायवेची माती, आसपासची बांधकामं, देवनार कचराभूमीचा धूर. आमच्याकडे सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी बोटाने नाव लिहिण्याजोगं होतं. रेडिएटरच्या बारीक पात्यांत ही धूळ लोकरीसारखी बसते आणि वारा अडतो. दर दोन-तीन महिन्यांनी ब्रश आणि ब्लोअर घेऊन बसायची तयारी नसेल, तर कूलर कितीही महाग असो, उपयोग शून्य.

आय-५ १२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॉट, जोरात पळाला तरी ११७. एवढी उष्णता चार हीट पाइप आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला साधा एअर कूलर आरामात बाहेर टाकतो, दोन-अडीच हजारांत. त्याचा पंखा बिघडला तर काही शे रुपयांत नवा येतो. लिक्विडचा पंप गेला की सगळाच कूलर जातो. आय-९ १४९०० के असता, २५३ वॉटपर्यंत जाणारा, तर मीच म्हटलं असतं की ३६० मिलिमीटरचा लिक्विड घे.

राहिले दिवे. ट्रॉम्बेलाच १९५६ साली सुरू झालेल्या अप्सरा या अणुभट्टीच्या तलावात निळा प्रकाश दिसायचा. पाण्यातल्या प्रकाशाहून वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनचा तो परिणाम. तिचं नाव नेहरूंनी ठेवलं. तो निळा रंग भट्टी चालू असल्याची खूण होता. पुतण्याच्या पंपावरचा निळा रंग माऊसच्या क्लिकने गुलाबी होतो, तापमान आहे तिथेच राहतं. आवड म्हणून घ्यायला माझी हरकत नाही, फक्त ती किंमत कूलिंगच्या खात्यात मांडू नये.

माझा निकाल: एअर कूलर घे, उरलेल्या पैशांत रॅम वाढव, व्हिडिओच्या कामाला तीच आधी कमी पडते. दिवे हवेतच तर कॅबिनेटला आरजीबी पंखे लाव. त्याआधी मदरबोर्ड बघ. तीन पिनांची जोडणी ५ व्होल्टची असते, चार पिनांची १२ व्होल्टची. पाचवाली पट्टी बारावर जोडली की दिवे जळतात. आणि लिक्विडच घ्यायचा हट्ट असेल, तर पाणी गळून मदरबोर्ड गेला तर भरपाई कोण देणार, हे बिल करण्याआधी दुकानदाराकडून लिहून घे.