बर्फाच्या पाण्याचा पेला

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. ‘चॅलेंजर’ यानाच्या रॉकेटमधील रबरी कड्या थंडीत ताठरतील, उड्डाण थांबवा, असे रॉजर बोजोले आणि त्यांचे सहकारी अभियंते दूरध्वनीवरून परोपरीने सांगत होते. आकडे हाताशी होते. पण घाईने केलेल्या तक्त्यांत विखुरलेले. वरिष्ठांनाही ऐकायचे कुठे होते? दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत यान फुटले. सातही अंतराळवीर गेले.

पुढे चौकशीत शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला. घरी दूरदर्शन पाहणाऱ्यांनाही सारे उमगले!

अभियांत्रिकीच्या वर्गांत ही रात्र आता शिकवली जाते. प्रत्येक उड्डाणाचे तापमान आणि कड्यांची हानी एकाच आलेखावर मांडून.